हिरव्याचं उद्यापन

चातुर्मासात मी दरवर्षी पडवळ सोडते. पडवळ मला लहानपणापासून आवडत नाही, त्यामुळे ते सोडताना मनाला फारसे क्लेश होत नाहीत, आणि कार्तिकी झाल्यावर परत धरायची घाईही नसते. देवाला हे ठाऊक असणारच. पण देव कधी काही बोलला नाही. बोलल्या त्या पुतळाबाई.

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी भजन आटोपल्यावर आम्ही बायका विरारच्या मनवेलपाड्यातल्या आमच्या देवळात बसलो होतो. कोण काय सोडणार हे दरवर्षी तिथेच ठरतं. कुणी कांदा-लसूण सोडलं, कुणी चहा. एकीने रात्रीच्या मालिका सोडल्या, तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे आदराने पाहिलं. पुतळाबाई मीठ सोडतात. खाडीकाठच्या भातशेतीत त्यांचं आयुष्य गेलं, अंगाने काटकुळ्या आहेत, आणि भजनी मंडळात त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. माझी पाळी आली तशी मी नेहमीच्या बारीक आवाजात पडवळ म्हटलं.

“पडवल सोडून देवावर कसला उपकार करतंस गो?” पुतळाबाई म्हणाल्या. “आवडीचं काय तरी सोड की एकदा.”

बायका हसल्या. मीही हसले. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. माझा आवाज बारीक आहे, वागणं मवाळ आहे, असं सगळे म्हणतात. पण आतला अहंकार चांगला दणकट आहे. रोजच्या पूजेने त्यालाच खतपाणी मिळत असावं. मी म्हणाले, “मग यंदा हिरवा रंग सोडते.”

देवळात एकदम शांतता झाली. कांदा-लसूणवाली माझ्याकडे बघतच राहिली. त्या शांततेत मला जे सुख झालं, ते मला माझ्या कुठल्या प्रदर्शनात मिळालेलं नाही.

पुतळाबाईंनी माझ्या मनगटांकडे बघितलं. “आन बांगड्या?”

मला घाईघाईने खुलासा करावा लागला, की बांगड्या नाहीत, लुगडीही नाहीत. फक्त कुंचल्याला हिरवा लावणार नाही. चार महिने.

मी चित्रं काढते. आधी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून अजूनही सगळे मला बाईच म्हणतात. निवृत्त झाल्यावर नंदाखालच्या वाड्यांमध्ये जाऊन बसायला लागले. केळी, नारळ, पानवेली, बावखल, म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं, आणि त्यात राबणारी माणसं. माणूस आणि निसर्ग यांचं नातं शोधणं हा माझ्या चित्रांचा विषय आहे, असं मी विचारणाऱ्याला सांगते. न विचारणाऱ्यालाही सांगते. वसईत एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं तेव्हा दारावर ‘माणूस आणि निसर्ग : एक अद्वैत’ असा फलकसुद्धा लावला होता. एक गृहस्थ एका चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, पोचलं यांच्यापर्यंत. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, की केळीतलं ते बुजगावणं फार छान आलंय.

ते बुजगावणं म्हणजे सिप्रियनभाऊ होते. ज्यांची वाडी, ते.

माझ्या यजमानांचं, चंद्रहासांचं, म्हणणं असं की माझ्या चित्रांतल्या माणसांसाठी पोलिसांत हरवल्याची तक्रार द्यायला हवी. सगळीकडे हिरवा इतका ओतलेला असतो की माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. त्यालाच मी अद्वैत म्हणत होते.

तर असा हिरवा मी सोडला.

आता सिप्रियनभाऊंच्या बायकोबद्दल सांगायला हवं. तिचं नाव बेटी. मी तिला बेटीबाय म्हणते. ती विरार स्टेशनबाहेर पाटी घेऊन फुलं विकायची. मोगरा, सोनचाफा, तगर, सगळं स्वतःच्या वाडीतलं. ताज्या फुलाशिवाय पूजा करायची नाही, हा माझा कितीतरी वर्षांचा नेम. पण खरं बघायचं तर तो नेम बेटीबायनेच चालवला. मी फक्त पाटीपाशी जाऊन उभी राहायचे. ती केळीच्या पानात बांधून माझी पुडी वेगळी काढून ठेवायची आणि देताना म्हणायची, “तुमचे देव माझ्या जिवावर नटतात, बाई.” ती स्वतः चर्चमधली रविवारची मिस्सा कधी न चुकवणारी. तिच्या फुलांपैकी किती आल्तारावर जात आणि किती माझ्या देव्हाऱ्यात, याचा हिशोब आम्ही दोघींनी कधी केला नाही.

जूनमध्ये बावखलाच्या शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. नंदाखालच्या घराचा ओटा उंच, म्हणून मुलीने, ग्लोरियाने, तिला मनवेलपाड्यात आपल्या फ्लॅटवर आणलं. तिथे लिफ्ट आहे. सिप्रियनभाऊ मात्र वाडी सोडून येईनात. वाडीला रोज माणूस लागतो. ते दर रविवारी मिस्सेनंतर येऊन तिच्या उशाशी बसायचे, केळी ठीक आहेत, मोगरा ठीक आहे असं सांगायचे, आणि परत जायचे.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता उठून चालायला लागा. आत्ता नाही चाललात तर पुढे कधीच चालणार नाही. बेटीबाय उठेना. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी आर्जवं करून थकली. नवा वॉकर कोपऱ्यात उभा राहून राहून त्याच्यावर ग्लोरियाचे टॉवेल वाळायला लागले. बेटीबाय भिंतीकडे तोंड करून जपमाळ ओढत पडलेली असायची. मी भेटायला गेले की एवढंच म्हणायची, “उठून जाऊ कुठे? खिडकीत उभी राहिले तर समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात.”

मी समजूत घालायचा प्रयत्न करायचे. पण मी बोललेलं मलाच नीट ऐकू येत नाही, तिथे ती काय ऐकणार.

श्रावण लागला त्या आठवड्यात सिप्रियनभाऊ आमच्या घरी आले. राजेळी केळ्यांची फणी टेबलावर ठेवली आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, की वाडीचं एक मोठं चित्र हवंय, पलंगासमोरच्या भिंतीला लावण्याजोगं.

“ती भिंतीकडेच तोंड करते ना, मग भिंतीवर वाडी असू दे. बघून बघून तरी तिला यावंसं वाटेल.” उठता उठता त्यांनी भर घातली, “सगळं हिरवंगार काढा हां, बाई.”

मी हो म्हणाले. नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही. देवळात भरसभेत उघडलं होतं तेच हे तोंड.

ते गेल्यावर चंद्रहासांनी पेपर खाली केला. “हिरवंगार,” एवढं एकच म्हणाले, आणि पेपर परत वर धरला.

त्या दुपारी मी धर्मातल्या पळवाटा शोधायला बसले. उपवासाला भगर चालते, साबुदाणा चालतो, मग काहीतरी चालतच असणार. मी आमच्या देवळातल्या गुरुजींना फोन लावला. म्हटलं, मी निळा सोडलेला नाही, पिवळाही सोडलेला नाही, ते दोघे कॅनव्हासवर आपोआप एकमेकांना भेटले तर? गुरुजी विचारात पडले. मग म्हणाले की आपोआप भेटले तर दोष नाही, तुम्ही भेटवले तर आहे. मी पोपटीबद्दल विचारलं. गुरुजींनी मलाच विचारलं, की पोपट कुठल्या रंगाचा असतो. मी फोन ठेवला.

शेवटी रंगांची पेटी घेऊन नंदाखालला गेले आणि बावखलाच्या काठावर सिप्रियनभाऊंना सगळं सांगून टाकलं. पुतळाबाई, पडवळ, सगळं. म्हटलं, बेटीबायच्या पायांपुढे माझ्या व्रताचं काय एवढं, मी मोडते. मोडायला मला कारण हवंच होतं, आणि इतकं पवित्र कारण परत मिळालं नसतं.

सिप्रियनभाऊंनी टोपी काढून डोकं खाजवलं. “ईस्टरच्या आधी आमचेपण उपवासाचे दिवस असतात, बाई. मी विडी सोडायचो. एका वर्षी या केळीत लपून ओढली. बेटीने घरातनं धूर बघितला. ईस्टरपर्यंत बोलली नाही माझ्याशी.” टोपी परत घातली. “देवाला शब्द दिलाय तो दिलाय. तिच्यासाठी मोडलात आणि तिला कळलं, तर ती चित्र भिंतीला लावायची नाही आणि मला दारात उभा करायची नाही. तुमच्याकडे जे रंग आहेत, त्यांनी काढा.”

म्हणजे व्रत माझं, आणि ते पाळायचा धीर त्यांच्याकडे.

श्रावणातल्या नंदाखालमध्ये हिरवी नसलेली वस्तू शोधून बघा. कपडे धुवायचा दगड हिरवा होता. कुंपणाचे खांब हिरवे होते. मी छत्रीखाली बसून कितीतरी वेळ नुसतीच बघत राहिले, आणि मग एकेक दिसायला लागलं. केळीच्या बुंध्याला लोंबणारी सुकी पानं, अगदी सुकेळीच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्याच्या, रंगाची. केळफुलाचा जांभळा. ओल्या मातीचा तांबडा. बावखलात पडलेलं करडं आभाळ. हिरव्या पानांना मी गेरू आणि पिवळा दिला. मोगऱ्याच्या वाफ्यात तेव्हा नुसतं गवत माजलेलं होतं, ते काढणं शक्य नव्हतं, म्हणून तिथे मोकळी माती दाखवली. एवढं करूनही कॅनव्हासवर मधोमध मोठी जागा रिकामी राहिली, तिच्यात सिप्रियनभाऊंना उभं केलं. गुडघ्यापर्यंत चिखल, हाफपँट, हातात कोयता, डोक्यावर टोपी. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच चित्रातला माणूस लांबून ओळखू येत होता.

मला गहिवरून आलं. वाटलं, बघा, त्यागाने कशी दृष्टी येते. घरी येताना रिक्षात मी पुढच्या प्रदर्शनाचा फलकसुद्धा मनात रंगवला. घरी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. चंद्रहास चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले, आणि कप रिकामा झाल्यावर म्हणाले, “हे राजस्थान का?”

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला कलेतलं काय कळणार, असं मनात म्हणून मी त्यांना क्षमा केली.

त्या रविवारी आम्ही चित्र ग्लोरियाकडे नेलं. सिप्रियनभाऊंनी ते बेटीबायच्या पलंगासमोर कपाटाला टेकवून ठेवलं आणि वरची चादर काढली. मी बाजूला हात जोडून उभी होते. देवळात उभी असते तशीच, पण मन मात्र प्रसादाच्या रांगेत. बेटीबायने मान वळवली. मग चष्मा मागितला. चष्मा लावून ती कोपरावर उठली आणि चित्राकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आलेले मला दिसले. मला वाटलं, पोचलं.

“कधीपासून?” तिने सिप्रियनभाऊंना विचारलं.

“काय कधीपासून?”

“पाणी कधीपासून साचलंय?” तिचा आवाज चढला. “मुळं कुजल्याशिवाय केळ अशी पिवळी पडत नाही. शेजारच्याने भराव टाकला ना? पाणी जायची वाट बुजवली ना त्याने? आणि तू दर रविवारी इथे बसून मला सांगतोस, सगळं ठीक आहे.”

सिप्रियनभाऊ कोयत्याशिवायही चित्रातल्यासारखेच ताठ उभे राहिले. ग्लोरिया म्हणाली, “आय, अगं ते चित्र आहे.” बेटीबाय म्हणाली, चित्र बघूनच तर सांगतेय. ग्लोरियाने मोबाइलवर वाडीचा फोटो उघडून दाखवला, बापाने गेल्याच आठवड्यात पाठवलेला. बेटीबायने एक नजर टाकली आणि हे मागल्या वर्षीचं आहे म्हणून मोबाइल बाजूला सारला. तेव्हा मी पुढे झाले. म्हटलं, सगळा दोष माझा आहे. वाडी हिरवीगार आहे, फक्त मी चातुर्मासात हिरवा रंग सोडलाय.

खोलीत शांतता झाली. देवळातल्यासारखीच, पण सुख झालं नाही.

“बाई,” बेटीबाय म्हणाली, “ह्यांचं मी समजू शकते. तुम्ही तरी देवाच्या नावाने खोटं बोलू नका. हिरवा रंग कोण सोडतं?”

आयुष्यभर खरं बोलायचा नेम पाळला आणि ज्या एका दिवशी तो कामाला यायचा, त्या दिवशी माझं खरंच इतकं खुळचट निघालं, की त्याच्यापेक्षा कुठलीही थाप बरी वाटली असती.

“वॉकर कुठाय?” बेटीबायने विचारलं.

कुणाला काही कळायच्या आत तिने पाय पलंगाखाली सोडले होते. ग्लोरियाने वॉकरवरचे टॉवेल झटकन खाली टाकले. सिप्रियनभाऊ आधार द्यायला गेले, त्यांचा हात तिने बाजूला केला. ओठ आवळून, वॉकरच्या दांड्या घट्ट धरून ती उभी राहिली. ती खोलीच्या दारापर्यंत गेली आणि दाराशी ठेवलेल्या खुर्चीत बसली. कपाळावरून घाम गळत होता.

“उद्या परत,” ती धापा टाकत म्हणाली. “माझी मी जाऊन बघणार. तुमच्या कोणाच्या सांगण्यावर माझा विश्वास नाही.”

ग्लोरिया स्वयंपाकघरात जाऊन रडून आली. मी निघाले तेव्हा सिप्रियनभाऊ लिफ्टपर्यंत सोबत आले आणि हळूच म्हणाले, “बाई, आता तिला पटवू नका.”

मी म्हटलं, भाऊ, ते खोटं होईल.

“आपण खरं सांगितलं. तिला नाही पटलं. आता परत परत सांगायला नको, एवढंच.”

गप्प राहणं मला सहज जमतं. त्यांना ते जड गेलं. पुढच्या रविवारी ते आले तेव्हा बेटीबाय हॉलमधून वॉकर घेऊन त्यांच्या समोरून गेली आणि आली, एक शब्द बोलली नाही. विडीच्या वर्षासारखंच, ते मला नंतर म्हणाले. पण ती चालताना त्यांनी डोळे भरून बघितलं. सकाळी उठल्याबरोबर ती आधी माझ्या चित्राकडे बघायची, तिचा जीव जळायचा, आणि ती उठायची. माझ्या चित्राचा असा ध्यास आजवर कुणी घेतलेला नाही. व्यायामाच्या मुलीने तर ग्लोरियाकडे चौकशी केली, की हे चित्र कुणी काढलंय, दुसऱ्या एका पेशंटसाठी असंच एखादं मिळेल का.

मला मात्र दोन गोष्टी खात होत्या. एक क्षुद्र. ते चित्र आहे हो, रोग नाही, असं जिन्यात उभं राहून ओरडावंसं वाटायचं. दुसरी खरी. बेटीबाय रागाच्या बळावर चालत होती. वाडी हिरवी आहे हे बघून राग उतरला आणि रागाबरोबर पायातलं बळही उतरलं तर? परत येऊन ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजली तर दुसरं चित्र कुठलं आणणार? मी रोज जपाला बसल्यावर देवाला सांगायचे, की वाडी हिरवी राहू दे, पण तिला जरा कमी हिरवी दिसू दे. देवाने अशी प्रार्थना आधी ऐकली नसावी.

सप्टेंबरात मावलीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, सणाच्या आदल्या दिवशी बेटीबाय निघाली. गाउनवर वाडीत जाणार नाही म्हणून हट्टाने लाल लुगडं नेसली. रिक्षातून उतरली तर वाडीच्या वाटेवर चिखल, आणि चिखलावर सिप्रियनभाऊंनी घरातल्या जुन्या फळ्या ओळीने अंथरून ठेवलेल्या. तिने फळ्यांकडे बघितलं, त्यांच्याकडे नाही. वॉकर ठेवत ठेवत ती आत गेली. मागे ग्लोरिया, तिच्या मागे मी, तोंडाने नामस्मरण.

पुढे सगळं हिरवंच होतं. इतकं, की मला दोन महिन्यांच्या उपाशी माणसासमोर पंगत मांडल्यासारखं झालं. बेटीबाय थांबली. एका केळीच्या बुंध्यावर तिने हात ठेवला, दाबून बघितला. मान वर करून पानं बघितली. दुसऱ्या केळीकडे गेली, तिसरीकडे. मग सावकाश वळून माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे खरंच सोडलाय?”

मी मान हलवली.

“कशाला पण?”

“पुतळाबाई म्हणाल्या, आवडीचं सोड.”

बेटीबाय वॉकरवर वाकली आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संपलं, आता खाली बसणार. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सिप्रियनभाऊही लांबून, परवानगी नसल्यासारखे, थोडे हसले. हसता हसता तिची नजर बावखलापलीकडे गेली आणि ती एकदम थांबली.

“हा काय?”

मोगऱ्याच्या वाफ्यात गवत कमरेएवढं झालं होतं. मोगरा कुठे आहे ते शोधावं लागत होतं. एकट्या माणसाकडून केळी आणि मोगरा दोन्ही झालं नव्हतं, आणि ते सांगायची सिप्रियनभाऊंना भीती वाटली होती.

“दर रविवारी मोगरा ठीक आहे, मोगरा ठीक आहे,” बेटीबाय म्हणाली. “मोगऱ्याचं तेवढं बाईंनी खरं काढलंय. खुरपं आण.”

सिप्रियनभाऊ म्हणाले, तुला वाकायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

“तू वाक. मी उभी राहून सांगते.”

आणि ती उभी राहिली. त्यांनी गवत काढलं, तिने चुका काढल्या, आणि इतक्या आठवड्यांचं न बोललेलं सगळं त्यांना तिथे एकदम ऐकून घ्यावं लागलं. ते खुशीत होते. संध्याकाळी ग्लोरिया तिला परत न्यायला निघाली, तर बेटीबाय ओट्यावर बसली होती. चल आय, ऊठ, असं ग्लोरियाने दोनदा म्हटलं. बेटीबाय उठली नाही. त्या दिवशी मात्र कुणी तिला उठायचा आग्रह केला नाही.

कार्तिकी झाली. जे सोडलं असेल ते उद्यापनाला दान करायचं असतं. पडवळाच्या वर्षी मी मोठ्या उदार मनाने पडवळ देते. यंदा हिरवा द्यायला हवा होता. घरातल्या सगळ्या हिरव्या नळ्या काढल्या. गडद, शेवाळी, पोपटी, आणि एक महागातली, जी मी जपून ठेवली होती. ती पिशवीत घालायची की नाही याचा मी बराच वेळ विचार केला. मग पुतळाबाईंचा चेहरा आठवला, आणि घातली. गुरुजींनी नळ्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या आणि मला सांगितलं, की दान सत्पात्री असावं, ज्याला उपयोग असेल त्याला द्या.

मी नंदाखालला गेले. चित्र आता तिथेच होतं, ओट्यावर भिंतीला टेकवलेलं. मी ताम्हणात नळ्या ठेवून, हळदकुंकू वाहून, रीतसर बेटीबायच्या हातात दिल्या. तिने क्रूसाची खूण केली आणि घेतल्या. दोन्ही धर्मांतलं यात काय काय चुकलं असेल ते मला ठाऊक नाही.

मग तिने खुर्ची चित्रासमोर ओढली, एक नळी उघडली, महागातलीच, आणि बोटावर भाजीच्या फोडणीत हळद घालावी तसा सढळ हाताने रंग घेतला. मी कुंचला पुढे केला, तो तिने घेतला नाही. बोटानेच केळीची पानं भरायला लागली. माझा गेरू गेला, माझा पिवळा गेला. मोगऱ्याच्या वाफ्यात तिने गोल गोल झुडपं बसवली. केळी वाढत वाढत मधोमध आल्या. सिप्रियनभाऊंचे चिखलाचे पाय झाकले, हाफपँट झाकली, कोयता गेला. शेवटी टोपी तेवढी राहिली. आयुष्यात एकदाच मला जमलेला माणूस. मी न राहवून म्हटलं, “बेटीबाय, भाऊ दिसत नाहीत आता.”

“तो वाडीत असला की दिसत नाहीच,” ती म्हणाली. “हाक मारावी लागते.”

दान दिलेल्या वस्तूवर आपला हक्क नसतो.

चित्र भरल्यावर तिने बोट लुगड्याच्या पदराला पुसलं आणि मागे रेलून पाहिलं. “आणि मी कुठाय यात?”

ती नव्हतीच. तिच्यासाठी काढलेल्या चित्रात तिला काढायचं मला सुचलंच नव्हतं.

“इथे काढा,” तिने बावखलाच्या काठावर बोट ठेवलं. तिथे तिचा हिरवा ठसा उमटला. “उभी काढा. वॉकर नको.”

मी लाल रंग घेतला. लाल मी कधी सोडलेला नाही. लुगड्याच्या चौकटी, काठ, डोक्यावरची पाटी, सगळं जीव ओतून काढलं. संध्याकाळ होत आली होती. सिप्रियनभाऊ कुठूनतरी केळीतून बाहेर आले आणि माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. मी बाजूला झाले.

बेटीबायने चष्मा लावला आणि बराच वेळ बघितलं.

“बुजगावणं छान आलंय,” ती म्हणाली. “ते राहू दे तिथे. आता मला काढा.”